घर निर्जंतुक करायचं की मुलीला मातीत सोडायचं?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या बाई तीन वर्षांच्या मुलीच्या आई आहेत. मुलगी दीड वर्षाची असताना तिला उलट्या-जुलाब सुरू झाले, अंगातलं पाणी झपाट्यानं कमी झालं आणि तिला दवाखान्यात दाखल करावं लागलं. रोटाव्हायरसचा संसर्ग, असं निदान झालं. मुलगी पूर्ण बरी झाली, आईची धास्ती मात्र गेली नाही. तेव्हापासून घरातली फरशी दिवसातून दोनदा जंतुनाशकानं पुसली जाते, खेळणी रोज धुतली जातात, मातीला हात लावायला बंदी आहे आणि आईच्या हातांना धुऊन धुऊन भेगा पडल्या आहेत. नवऱ्यानं अलीकडे आतड्यातल्या जिवाणूंबद्दल बरंच वाचलं आहे. 'ते आपले मित्र आहेत आणि तू त्यांची कत्तल चालवली आहेस,' असं तो म्हणतो. मुलीचा कान दुखू लागला तेव्हा डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिक त्यानं ताप उतरताच परस्पर बंद केलं आणि प्रोबायोटिकची, म्हणजे 'चांगल्या' जिवंत जिवाणूंची, पावडर आणून ठेवली. सासूबाईंचं म्हणणं, 'आम्ही मातीत लोळूनच मोठे झालो.' बाई विचारतात: 'जिवाणू शत्रू की मित्र, हे एकदा स्पष्ट सांगा. म्हणजे घरातलं भांडण तरी मिटेल.'

प्रिय मैत्रिणी,

तुम्हाला निकाल हवा आहे, पण तो कोणा एकाच्या बाजूनं देता येईल असं मला वाटत नाही. मात्र भांडणाचा मुद्दा बदलून देता येईल. तेवढ्यानंही बरंच काम होतं.

त्याआधी एक गोष्ट. ती तुम्हीच पत्रात लिहिली आहे आणि तिच्यावरून तशाच पुढे गेलात. तुमच्या मुलीला रोटाव्हायरस झाला होता. तो विषाणू आहे, जिवाणू नाही. ज्या जमातीवर तुम्ही दीड वर्ष हल्ला चढवला आहे, तिचा त्या आजारात हात नव्हता. आणि रोटाव्हायरसचं वैशिष्ट्य असं की लस येण्यापूर्वी जगातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला पाच वर्षांच्या आत तो एकदा तरी गाठायचाच, मग घर चकचकीत असो वा नसो. श्रीमंत देशांतल्या मुलांनाही तो चुकला नाही. म्हणूनच त्याच्यावरचा उपाय फिनेलच्या बाटलीत सापडला नाही, तोंडावाटे द्यायच्या लशीत सापडला. तुमच्या पत्राच्या ओळींमधून मला असं दिसतं की स्वच्छतेत आपलं काहीतरी कमी पडलं म्हणून मुलगी आजारी पडली, असं तुम्ही मनाशी धरून बसला आहात. तसं मानायला काही आधार नाही.

आता जिवाणूंकडे येऊ. माणसाला ते पहिल्यांदा दिसले तेव्हा त्याला त्यांची अजिबात भीती वाटली नव्हती. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी अँटनी व्हॅन लेव्हेनहुक स्वतः घासलेल्या भिंगांतून सगळं काही पाहायचा. १६७६ मध्ये त्यानं मिरी भिजवलेल्या पाण्यातले सूक्ष्म जीव पाहून लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेला कळवलं. १६८३ च्या पत्रात स्वतःच्या दातांवरचं किटण खरवडून पाहिल्याचं लिहिलं. त्याचा सूर कौतुकाचा होता: आपल्या देशात जितकी माणसं राहत नाहीत, तितके जीव माझ्या एकट्याच्या तोंडात आहेत! त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षं लोकांना जिवाणू असतात हे माहीत होतं, पण माणसं ज्या रोगांनी मरत होती त्यांच्याशी त्यांचा संबंध पक्का लावला गेला नाही. दोष दुर्गंधीला, हवेला, नशिबाला दिला जाई.

मग १८७६ मध्ये रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरनं अँथ्रॅक्स हा गुरांचा आणि माणसांचाही रोग एका विशिष्ट जिवाणूमुळे होतो हे दाखवलं आणि १८८२ मध्ये क्षयाचा जिवाणू शोधला. पुढच्या दोन-तीन दशकांत कॉलरा, घटसर्प, धनुर्वात, प्लेग यांचे गुन्हेगार एकामागून एक ओळखले गेले. जिवाणू म्हणजे शत्रू, हे समीकरण त्या काळातलं आहे. त्यात चूक काही नव्हती. चौदाव्या शतकात प्लेगनं काही वर्षांत युरोपची निदान एक तृतीयांश माणसं नेली होती. ज्यानं एवढं केलं त्याला शत्रू म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? पण त्याच धामधुमीत, १८८५ मध्ये, थिओडोर एशेरिश नावाचा बालरोगतज्ज्ञ तान्ह्या बाळांची शी तपासत बसला होता. निरोगी बाळांच्या आतड्यातही एक जिवाणू हमखास राहतो, हे त्याला दिसलं. तोच आजचा ई. कोलाय.

या ई. कोलायकडे जरा थांबून पाहा, कारण तुमच्या घरातल्या भांडणाचं उत्तर त्याच्यात आहे. तो तुमच्या, तुमच्या नवऱ्याच्या आणि मुलीच्या आतड्यात आत्ता या क्षणी आहे आणि कोणालाही त्रास देत नाही. उलट त्याच्यासारखे जिवाणू तिथं के जीवनसत्त्व तयार करतात. तोच जिवाणू बोटभर अंतरावरच्या मूत्रमार्गात शिरला की जळजळ आणि ताप. रक्तात शिरला तर जीव धोक्यात. जीव तोच, बदलली ती जागा. (त्याचे काही वाण मुळातच विषारी असतात, हेही खरं. म्हणून कच्चं मांस हाताळल्यावर हात धुवायचे.) स्टॅफिलोकॉकस ऑरियसचंही तसंच. साधारण दर तीन माणसांतल्या एकाच्या नाकात तो मुकाट्यानं राहतो आणि शस्त्रक्रियेच्या जखमेत गेला की पू करतो. तुमच्या मुलीच्या कानाचंही बहुधा असंच झालं असेल. लहान मुलांच्या नाका-घशात न्यूमोकॉकस वगैरे जिवाणू एरवी शांतपणे असतात. सर्दीनं घशापासून कानापर्यंतची बारीक नळी सुजते, बंद होते, पडद्यामागे पाणी साठतं आणि हे रहिवासी तिथं अडकून वाढतात.

तेव्हा 'शत्रू की मित्र' असं विचारलंत तर तुम्ही दोघंही बरोबर आणि दोघंही चूक. 'कुठं आहे आणि तिथं कोणत्या वाटेनं आला' असं विचारलंत तर बहुतेक वेळा कामाचं उत्तर मिळतं.

स्वच्छतेच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट याच प्रश्नाची आहे. व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एक डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांचा, दुसरा सुइणींचा. पहिल्यात बाळंतज्वरानं कितीतरी जास्त बायका मरत. इग्नाझ झेमेलवाइस या डॉक्टरच्या लक्षात आलं की विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायला येतात. १८४७ च्या मे महिन्यात त्यानं सगळ्यांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये त्या विभागातला मृत्युदर १८ टक्क्यांच्या वर होता. जून-जुलैत तो २ टक्क्यांच्या आसपास आला. जिवाणूंनी रोग होतात हे तेव्हा सिद्धही झालेलं नव्हतं. त्यानं रुग्णालयाच्या भिंती घासल्या नाहीत, हवा धुतली नाही. मृतदेहापासून बाळंतिणीपर्यंत जाणारी एक वाट, म्हणजे हात, तेवढी अडवली. त्याच्या सहकाऱ्यांना हे रुचलं नाही आणि १८६५ मध्ये तो मनोरुग्णालयात मेला. त्याच्याबद्दल वाचताना मला आजही राग येतो, पण तो वेगळा विषय.

तुमच्या फरशीला हा नियम लावून पाहा. फरशीवरून मुलीच्या पोटात जाणारी वाट कोणती? तिचे हात, तेही तोंडात घालण्यापूर्वी. म्हणजे जेवणाआधी तिचे हात साबणानं धुतले की तुमच्या दोन वेळच्या पुसण्याचं बरंचसं काम झालं. फरशीला साधं पाणी आणि नेहमीचा साबण पुरे. जंतुनाशक ठेवा, पण प्रसंगासाठी: घरात कोणाला उलट्या-जुलाब होत असतील तेव्हा संडास, नळाची तोटी, दाराची मूठ यांच्यासाठी. तेही लावल्या लावल्या पुसून टाकलं तर फारसा उपयोग नाही. बाटलीवर लिहिलेली मिनिटं ते ओलं राहू द्यावं लागतं. आणि ब्लीच कधीही ॲसिडमध्ये किंवा दुसऱ्या क्लीनरमध्ये मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. अति स्वच्छतेच्या नादात लोक दवाखान्यात पोचतात ते अनेकदा यामुळे.

हात कधी धुवायचे, हेही ठरवून टाका. संडासाहून आल्यावर, मुलीची शी धुतल्यावर, स्वयंपाकाला आणि जेवायला बसण्यापूर्वी, कच्चं मांस किंवा अंडी हाताळल्यावर, नाक शिंकरल्यावर, बाहेरून घरी आल्यावर. वीसेक सेकंद, साधा साबण. 'अँटिबॅक्टेरियल' असं लिहिलेल्या साबणाला जादा पैसे मोजू नका. २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ट्रायक्लोसान या जंतुनाशकासह १९ घटक घरगुती साबणांतून काढायला लावले, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते सरस आहेत हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. साबणाचं मुख्य काम मारणं हे नाहीच. तो जंतू सोडवतो आणि पाण्याबरोबर वाहून नेतो. तुमच्या हातांच्या भेगा मात्र गंभीरपणे घ्या. फुटलेल्या त्वचेवर जिवाणू जास्त साचतात, म्हणजे जादा धुण्यानं तुम्ही नेमकं उलटं साधता आहात. प्रत्येक धुण्यानंतर मलम लावा आणि भेगा भरत नसतील तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका, पण पूर्ण मानूही नका. 'आम्ही मातीत लोळून मोठे झालो' हे वाक्य मोठे झालेलेच बोलू शकतात. दोनशे वर्षांपूर्वी जगात जन्मलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्मी मोठी होण्याआधीच जात. हे बदललं ते स्वच्छ पाणी, सांडपाण्याची सोय, पुरेसं अन्न आणि लशी यांनी, आणि बऱ्याच ठिकाणी अँटिबायोटिक येण्याच्या आधीपासून.

पण त्यांच्या बोलण्यात तथ्यही आहे. १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅकन या संशोधकांनी ब्रिटनमधल्या १७ हजारांहून अधिक मुलांची माहिती तपासली. ज्यांना मोठी भावंडं होती त्यांच्यात परागकणांच्या ॲलर्जीचं प्रमाण कमी दिसलं. त्यातून 'लहानपणी जंतू भेटले नाहीत की शरीराची संरक्षण यंत्रणा भरकटते' ही कल्पना निघाली आणि लोकांनी तिचा अर्थ 'घाण चांगली' असा करून टाकला. पुढे ग्रॅहम रूक यांनी २००३ मध्ये ती सुधारून मांडली: आपल्याला गरज आहे ती गोवर-कॉलऱ्याची नाही, तर माती, जनावरं आणि इतर माणसं यांच्याकडून येणाऱ्या, माणसाच्या हजारो वर्षांच्या सोबत्यांची. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांतल्या मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. दोघांची वंशपरंपरा आणि राहणी बरीच सारखी. फरक असा की आमिश घराजवळ गाई पाळून जुन्या पद्धतीनं शेती करतात, तर हटराइटांची शेती यंत्रांची आणि मुलांपासून लांब. आमिश मुलांत दम्याचं प्रमाण कितीतरी कमी निघालं.

म्हणून मुलीला मातीत खेळू द्या. मनापासून सांगते, ही बंदी आजच उठवा. दोन अटी: जिथं कुत्री-मांजरं किंवा माणसं शौच करतात ती जागा टाळायची, आणि धनुर्वाताच्या लशीचे तिचे सगळे डोस झालेले असायला हवेत. धनुर्वाताचा जिवाणू मातीतच बीजाणू होऊन, म्हणजे टणक कवचात झोपल्यासारखा, वर्षानुवर्षं पडून राहतो आणि खोल जखमेतून शिरतो. त्याच्याशी ओळख वाढवून प्रतिकारशक्ती येत नाही. तिथं लसच लागते. हे तुमच्या नवऱ्यालाही वाचून दाखवा.

आता त्यांच्याबद्दल. ते वाचतात त्यातलं बरंच खरं आहे. २०१६ मधल्या एका काटेकोर हिशेबानुसार माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. (दहास एक हे जे प्रमाण सगळीकडे छापलं जातं ते जुनं आणि फुगवलेलं आहे. पुढच्या वादात तुम्हाला उपयोगी पडेल.) आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की बाळाला त्या पचतच नाहीत. त्या बाळाच्या आतड्यातल्या बिफिडोबॅक्टेरियाचं अन्न आहेत. आईचं शरीर बाळाबरोबर त्याच्या जिवाणूंनाही पाजतं! मला तर हे दर वेळी नव्यानं थक्क करतं.

पण 'मित्र' म्हटलं की माणूस सैल होतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू निदान ५० हजार वर्षांपासून, म्हणजे आपले पूर्वज आफ्रिकेबाहेर पडले तेव्हापासून, माणसाच्या पोटात आहे. इतकी जुनी सोबत, पण जठराचे व्रण आणि जठराचा कर्करोग त्याच्यामुळे होतात. हे पटवण्यासाठी बॅरी मार्शल या डॉक्टरांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन दाखवला आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरेन यांना नोबेल मिळालं. गंमत म्हणजे तो पोटात बाळगणाऱ्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही. याला कोणत्या रांगेत उभं करणार?

अँटिबायोटिक परस्पर बंद करणं मात्र मला मान्य नाही. तुमच्या नवऱ्याची धास्ती निराधार नाही: ही औषधं आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंनाही मारतात, आणि कानाच्या काही संसर्गांत डॉक्टर स्वतःच 'दोन-तीन दिवस थांबून पाहू' म्हणतात. पण हा प्रश्न पहिला डोस देण्यापूर्वी विचारायचा असतो. १९४५ मध्ये नोबेल स्वीकारताना पेनिसिलिनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी एक काल्पनिक गोष्ट सांगितली होती. एका माणसाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन आणतो आणि अपुरं घेतो, जिवाणू मरायला कमी पण त्यांना शहाणं करायला पुरेसं. मग तेच जिवाणू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती दगावते. ही केवळ गोष्ट राहिली नाही. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट झालेले मृत्यू सुमारे १२ लाख ७० हजार होते, असा अंदाज आहे.

किती दिवस औषध द्यायचं यावर वैद्यकशास्त्राचंही मत बदलतं आहे. अनेक संसर्गांत पूर्वीपेक्षा लहान कोर्स पुरतो असं दिसलं आहे. मात्र ते संसर्गावर आणि मुलाच्या वयावर ठरतं, ताप उतरण्यावर नाही. तेव्हा थांबवायचं असेल तर डॉक्टरांना फोन करून. उरलेली बाटली पुढच्या वेळेसाठी ठेवायची नाही. आणि साध्या सर्दी-पडशाला, जे विषाणूंमुळे होतं, तुम्हीही डॉक्टरांकडे अँटिबायोटिकचा आग्रह धरायचा नाही. हा शेवटचा नियम तुमच्यासाठी आहे.

प्रोबायोटिकच्या पावडरीवर मी फार शब्द खर्च करणार नाही. आंबवलेल्या दुधातले जिवाणू म्हातारपण लांबवतील ही आशा इल्या मेचनिकॉव्ह या शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बाळगली होती. त्यानंतर डब्यावरची भाषा बदलली, आशा तीच राहिली. काही विशिष्ट वाणांचा काही विशिष्ट तक्रारींत उपयोग होतो. पण बाहेरून घेतलेले जिवाणू बहुतेकदा आतड्यात वस्ती करत नाहीत, येतात आणि जातात. निरोगी मुलीला त्यांची गरज नाही. जे आधीच आत आहेत त्यांना तंतुमय अन्न मिळू द्या. आणि अपुऱ्या दिवसांच्या किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या मुलांना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशी पावडर देऊच नये.

आता तुमच्या घरातली तडजोड. तुम्ही रोजचं जंतुनाशक आणि मातीची बंदी सोडा. त्यांनी औषध परस्पर थांबवणं सोडावं. पुढच्या भेटीत बालरोगतज्ज्ञांकडे दोघांनी मिळून जा, एकट्यानं नको, आणि विचारा: लशींपैकी काही राहिलं आहे का? कानाचा त्रास पुन्हा झाला तर कधी थांबायचं आणि कधी औषध सुरू करायचं? जुलाब झाले तर कोणत्या लक्षणांवर लगेच निघायचं? सुस्ती, तोंड कोरडं पडणं, रडताना डोळ्यांत पाणी न येणं, बराच वेळ शू न होणं, शौचातून रक्त, ही लक्षणं दिसली तर वाट पाहू नका. जलसंजीवनीची पाकिटं घरात कायम ठेवा. जुलाबात मुलीला वाचवायला फरशीपेक्षा ती जास्त उपयोगी पडतील.

फरशी पुसणं कमी करायचं ठरवलंत तरी सुरुवातीला हात आपोआप बादलीकडे जाईल. एकदम सोडू नका. दोनदाचं एकदा करा, मग एक दिवसाआड. पण न पुसल्यामुळे छातीत धडधडत असेल, झोप लागत नसेल किंवा धुण्यापुसण्यातच दिवसाचे तास जात असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मूल दवाखान्यात राहून आल्यावर आईबापांच्या मनात अशी भीती घर करते हे त्यांना चांगलं माहीत असतं आणि त्यावर उपचार आहेत. नवऱ्यालाही हे मोकळेपणानं सांगा. त्यांना वाटतंय की तुमचा वाद विज्ञानाबद्दल आहे.

आणि जंतुनाशकाच्या ज्या बाटल्या उरतील त्या वरच्या फळीवर, कुलपात ठेवा. पाण्याच्या बाटलीत ओतून तर अजिबात ठेवू नका. तीन वर्षांच्या मुलीसाठी फरशीवरच्या जिवाणूंपेक्षा या बाटल्यांचीच काळजी जास्त करायला हवी.